मोकळी ठेवलेली जागा

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आमच्या वसईच्या घराघरांतून एक मोठे स्थित्यंतर घडून आले आहे. ज्यांच्या आजोबांनी पानवेलींना पाणी शिंपले आणि ज्यांच्या वडिलांनी केळीचे घड व भाजीच्या पाट्या मुंबईच्या बाजारात पोहोचवल्या, त्यांची मुले-मुली आज सकाळची लोकल पकडून अंधेरी, ऐरोलीच्या कार्यालयांत जाऊन संगणकापुढे बसतात. मुलगा नेमके काय काम करतो, असे विचारले तर आई कौतुकाने म्हणते, "कॉम्प्युटरमध्ये आहे, फादर." त्यापुढे तिला काही सांगता येत नाही आणि मुलालाही ते घरी समजावून सांगण्याची सवड नसते. शेताची, मासेमारीची, शिक्षकी पेशाची नीतिमत्ता आम्ही धर्मगुरूंनी वेदीवरून पुष्कळदा उलगडून दाखविली. या नव्या व्यवसायातही एखादी नीती असेल, असे मात्र आमच्या मनात फारसे आलेच नाही. ती आहे. तिचा एक लहानसा पैलू वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू.

संकेतस्थळ किंवा त्यावर चालणारा प्रोग्रॅम एकाच ठिकाणी जन्मून तेथेच नांदत नाही. तो प्रथम लिहिणाऱ्याच्या लॅपटॉपवर आकार घेतो. नंतर तो एका चाचणीच्या सर्व्हरवर ठेवून तपासला जातो. तेथे सर्व काही खऱ्यासारखे असते, पण खरे काहीच नसते. सरतेशेवटी तो खऱ्या सर्व्हरवर जातो व लोक तो वापरू लागतात. या तिन्ही ठिकाणी प्रोग्रॅम तोच असावा लागतो. चाचणीत एक तपासले आणि लोकांपुढे दुसरेच ठेवले, तर चाचणीला अर्थ उरत नाही. परंतु प्रोग्रॅम तोच असला तरी काही गोष्टी स्थळानुसार बदलणे भाग असते. लॅपटॉपवर त्याने नमुन्याच्या यादीशी जोडून घ्यावे, खऱ्या सर्व्हरवर खऱ्या यादीशी. चाचणीत त्याने लटके पैसे स्वीकारावेत, प्रत्यक्षात खरे. बिघाड झाल्यास लिहिणाऱ्याला त्याचा सारा तपशील दिसावा, सामान्य माणसाला केवळ दिलगिरीचे दोन शब्द. डेटाबेसचा पत्ता, पासवर्ड, संदेश पाठवणाऱ्या सेवेची किल्ली अशा या स्थळनिष्ठ गोष्टींना ती मुले 'कॉन्फिगरेशन' म्हणतात.

हे ऐकताना आम्हांला वेदीवरील मिस्साग्रंथाची आठवण झाली. ख्रिस्तयागाच्या मुख्य प्रार्थनेत पोप महोदयांचे व स्थानिक बिशपांचे नाव घ्यावयाचे असते. मूळ लॅटिन ग्रंथात त्या जागी कोणाचेही नाव छापलेले नसते. तेथे केवळ 'एन' हे एक अक्षर असते. ते वाचकाला सांगते : येथे तू जेथे उभा आहेस तेथील नाव घाल. ग्रंथ साऱ्या जगाचा, नाव त्या त्या धर्मप्रांताचे.

आमच्या पिढीच्या धर्मगुरूंनी या मोकळ्या जागेचा अनुभव पुरेपूर घेतला आहे. १९९८ पूर्वी वसईतील प्रत्येक वेदीवर मुंबईच्या आर्चबिशपांचे नाव घेतले जाई. त्या वर्षी वसई धर्मप्रांत निर्माण झाला, बिशप थॉमस डाबरे आमचे पहिले मेंढपाळ झाले आणि नाव बदलले. २००९ साली ते पुण्याला गेले, त्याच वर्षी आर्चबिशप फेलिक्स मच्याडो यांची नेमणूक झाली, पुन्हा नाव बदलले. २०२४ मध्ये बिशप थॉमस डिसोजा आले, पुन्हा एकदा बदलले. या सर्व काळात नावासाठी म्हणून एकदाही मिस्साग्रंथ नव्याने छापावा लागला नाही. नाव जर पानावर छापून टाकले असते, तर दर वेळी गावोगावी शाईने खाडाखोड झाली असती आणि एखाद्या आडवळणाच्या कपेलात कोणी वृद्ध धर्मगुरू दोन वर्षे जुनेच नाव वाचत राहिला असता.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी हे शहाणपण आपल्या परीने, पुष्कळ ठेचा खाऊन मिळविले. २०११ साली हेरोकू या अमेरिकन कंपनीतील ॲडम विगिन्स यांनी संकेतस्थळावर चालणारे प्रोग्रॅम कसे रचावेत याची बारा सूत्रे प्रसिद्ध केली. त्यांतील तिसरे सूत्र या कॉन्फिगरेशनविषयी आहे. जे स्थळागणिक बदलते ते प्रोग्रॅमच्या मजकुरात लिहू नये, त्या त्या सर्व्हरच्या परिसरात ठेवावे आणि प्रोग्रॅमने सुरू होताना ते तेथून वाचून घ्यावे, हा त्याचा आशय. परिसरात ठेवलेल्या अशा नाव-मूल्याच्या जोडीला 'एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल' म्हणतात. आपण हे पाळले की नाही, हे ओळखण्याची एक कसोटीही तेथे दिली आहे. आपला सारा मजकूर या क्षणी जगापुढे उघडा केला, तर एकही गुपित फुटणार नाही, असे छातीवर हात ठेवून म्हणता येते का? येत असेल तर कॉन्फिगरेशन खरोखरच वेगळे काढलेले आहे.

येथे तारतम्यही हवे. सगळेच मोकळे सोडले तर ग्रंथ ग्रंथच राहत नाही. ख्रिस्तशरीराच्या अभिषेकाचे शब्द कोणत्याही धर्मप्रांतात बदलत नाहीत. तद्वत प्रोग्रॅमचे मूळ वर्तन सर्वत्र तेच असते. बदलते ते केवळ ज्याचे उत्तर स्थळावर अवलंबून आहे एवढेच. काय स्थिर आणि काय स्थानिक हे ओळखणे, यातच बहुतेक कौशल्य असते.

ही रेषा पुसली गेली म्हणजे काय होते, ते आम्ही आमच्याच धर्मग्रामात पाहिले. येथील चार तरुणांनी आपला फावला वेळ देऊन मिस्साहेतूंची नोंद ठेवणारे एक संकेतस्थळ तयार केले होते. कुटुंबांनी आपल्या मृतांची नावे त्यात नोंदवावीत आणि मिस्सेच्या आदल्या संध्याकाळी घरच्या फोनवर आठवणीचा संदेश जावा, अशी सोय होती. दोन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात, म्हणजे मृतांच्या स्मरणाच्या महिन्यात, त्यांच्यापैकी एक जण रात्री घरी बसून संदेशाचा मजकूर सुधारत होता. आपल्या लॅपटॉपवर नमुन्याची यादी आहे, अशा समजुतीने त्याने कळ दाबली. परंतु आदल्या आठवड्यात एक बिघाड शोधताना खऱ्या डेटाबेसचा पत्ता व संदेशसेवेची खरी किल्ली त्याच लॅपटॉपवर घातली गेली होती आणि ती तशीच राहिली होती. साठ-सत्तर घरांत संदेश गेला की, आपल्या प्रिय मृतासाठी उद्या सकाळी साडेसहाला मिस्सा आहे. चूक पाच मिनिटांत ध्यानी आली, दुरुस्तीचा संदेशही गेला, पण तोवर घराघरांतील वडीलधारी मंडळी निजली होती.

पहाटे एक आजी मेणबत्ती व शेवंतीची फुले घेऊन चर्चच्या पायरीशी उभ्या होत्या. त्याच वर्षी त्यांचा मुलगा गेला होता. आम्हांला पाहताच त्या म्हणाल्या, "मी तर हेतू दिला नव्हता, फादर. मला वाटलं, कुणीतरी माझ्या पोराची आठवण ठेवून मिस्सा सांगितली."

त्या मिस्सेचा हेतू दुसऱ्या एका कुटुंबाचा होता, त्यामुळे तो बदलणे शक्य नव्हते. परंतु मृतांसाठीच्या प्रार्थनेत आम्ही त्यांच्या मुलाचे नाव घेतले आणि मिस्सेनंतर घडलेली हकीकत त्यांना सरळ सांगितली. त्यांनी कोणालाही दोष दिला नाही. "चुकून का होईना, त्याचं नाव वेदीवर आलं," एवढेच त्या म्हणाल्या. पण कोणीतरी आठवण ठेवली, या विचाराने रात्रभर त्यांना जो आधार मिळाला होता तो आमच्या खुलाशाने काढून घेतला गेला, हे त्यांच्या चेहऱ्यावर आम्हांला स्पष्ट दिसले. संगणकातील एका चुकीच्या ओळीचे वजन किती असते ते आम्हांला तेव्हा कळले.

तो तरुण त्या रविवारी चर्चमध्ये आला तो मागच्या बाकावर बसला आणि संध्याकाळी येऊन, आपण हे काम सोडतो, असे म्हणाला. आम्ही चौघांनाही बोलावून घेतले. त्यांच्यात वयाने मोठी असलेली, नोकरीत याच प्रकारचे काम करणारी एक मुलगी होती. तिचे बोलणे आमच्या ध्यानात राहिले आहे. ती म्हणाली, "फादर, चूक कुणाची हे विचारून काही मिळणार नाही. रात्री अकरा वाजता, थकलेल्या माणसाला ही चूक करता आलीच कशी, हे विचारू या." पापनिवेदनात आम्ही पश्चात्तापाबरोबर पापाचा प्रसंग टाळण्याचा निश्चयही मागतो. या मुलांच्या व्यवसायात त्याच निश्चयाला एक ठाशीव रूप देता येते, हे पुढील महिन्यात त्यांनी दाखवून दिले.

त्यांनी प्रथम सारे पत्ते व किल्ल्या मजकुरातून वेचून बाहेर काढल्या. मजकुराच्या सामायिक कोठारात आता एक नमुन्याची फाइल असते. तीत केवळ नावे असतात व त्यांच्यापुढील जागा कोऱ्या असतात, जसा दप्तरातला स्नानसंस्काराच्या दाखल्याचा कोरा नमुना. प्रत्येक जण त्या जागा स्वतःच्या लॅपटॉपवर भरतो आणि ती भरलेली फाइल कोठारात जाऊच नये, अशी तजवीज केलेली असते. खऱ्या सर्व्हरच्या किल्ल्या कोणाच्याही लॅपटॉपवर राहत नाहीत. चाचणीच्या यादीत कल्पित नावे आहेत आणि चाचणीचा संदेश त्या चौघांच्या स्वतःच्या फोनखेरीज कोठेही जाऊ शकत नाही.

यापुढची सुधारणा आम्हांला अधिक अर्थपूर्ण वाटली. पूर्वी एखादी जागा भरायची राहिली, तर प्रोग्रॅम गुपचूप एक ठरलेले मूल्य गृहीत धरी आणि ते मूल्य खऱ्या डेटाबेसचे होते. आता एकही आवश्यक मूल्य नसेल, तर प्रोग्रॅम सुरूच होत नाही. काय नाही ते सांगतो व थांबतो. २१ एप्रिल २०२५ रोजी पोप फ्रान्सिस निवर्तले आणि ८ मे रोजी पोप लिओ चौदावे निवडले गेले. मधल्या दिवसांत जगातील कोणत्याही वेदीवर पोपचे नाव घेतले गेले नाही. कोणी सवयीने जुने नाव पुढे चालवावे, अथवा अंदाजाने नवे घालावे, अशी मुभा उपासनेचा नियम देत नाही. आसन रिक्त आहे, तर नावाची जागाही रिक्तच राहते. प्रार्थना चालू राहते आणि प्रोग्रॅम थांबतो, हा फरक खरा. पण ठाऊक नसलेल्या जागी काहीतरी भरून वेळ मारून न्यायची नाही, हा धडा दोन्हीकडे सारखाच.

चौथी गोष्ट अगदी साधी होती. चाचणीच्या पानावर त्यांनी वरच्या बाजूस एक जांभळा पट्टा काढला, खऱ्या पानावर तो नाही. उपवासकाळात धर्मगुरू जांभळ्या वस्त्रांत वेदीवर आला की, कोणता काळ चालू आहे हे मुलालाही विचारावे लागत नाही. आपण कोठे उभे आहोत हे डोळ्यांना दिसले पाहिजे. गिटलॅब नावाच्या, प्रोग्रॅमचा मजकूर सांभाळणाऱ्या एका जगप्रसिद्ध सेवेत ३१ जानेवारी २०१७ रोजी रात्री उशिरापर्यंत काम करणाऱ्या एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हरवरील माहिती पुसण्याची आज्ञा दिली. प्रत्यक्षात तो मुख्य सर्व्हरवर होता. एक-दोन सेकंदांत चूक उमगून त्याने हात आवरला, तोवर सुमारे ३०० गिगाबाइटपैकी साडेचार शिल्लक उरले होते. जपून ठेवलेल्या प्रतींच्या अनेक व्यवस्था होत्या, त्या वेळेवर उपयोगी पडल्या नाहीत. सहा तासांपूर्वीची एक प्रत योगायोगाने हाती होती म्हणून बाकीचे वाचले. त्या कंपनीने सारी हकीकत जगापुढे उघडपणे मांडली, त्या अभियंत्याचे नाव मात्र त्या हकीकतीत छापले नाही. नंतर योजिलेल्या उपायांत एक असा होता की, आपण कोणत्या सर्व्हरवर आहोत हे पडद्यावरच ठळक दिसावे.

आता गुपितांविषयी. पत्ता चुकला तर गोंधळ होतो, किल्ली फुटली तर विश्वासघात होतो. २०१६ साली उबर कंपनीच्या मजकुराच्या खाजगी कोठारात काही चोरट्यांनी प्रवेश मिळवला. तेथे त्यांना साठवणीच्या सर्व्हरची किल्ली मजकुरातच लिहिलेली सापडली. तिच्या साहाय्याने त्यांनी जगभरातील सुमारे ५ कोटी ७० लाख प्रवासी व चालकांची माहिती काढून घेतली. कंपनीने ही गोष्ट २०१७ च्या नोव्हेंबरापर्यंत लोकांपासून दडवून ठेवली. कुलूप मजबूत होते, किल्ली दाराला लटकलेली होती.

ख्रिस्तसभेने या बाबतीत जुना अनुभव नियमांत बांधून ठेवला आहे. १९८३ च्या धर्मनियमसंहितेप्रमाणे प्रत्येक धर्मप्रांतात एक गुप्त दप्तर असते आणि ४९० व्या नियमानुसार त्याची किल्ली केवळ बिशपांकडे असावी लागते. आसन रिक्त असताना ते दप्तर खरी निकड असल्याशिवाय उघडता येत नाही आणि तेही धर्मप्रांताच्या प्रशासकानेच उघडावयाचे असते. दप्तर एकीकडे, किल्ली दुसरीकडे आणि किल्लीचे हात मोजके, या तीन गोष्टी संगणकालाही जशाच्या तशा लागू पडतात. मोठ्या संस्थांत तर गुपिते ठेवण्यासाठी निराळी तिजोरीच असते. कारण परिसरात ठेवलेली मूल्येही बिघाडाच्या नोंदींत चुकून उमटू शकतात. संकेतस्थळाचा जो भाग वाचकाच्या ब्राउझरपर्यंत जातो त्यात तर कोणतेही गुपित ठेवू नये. जे पाठवले ते उघडे झाले, असेच समजावे.

आणखी एक गोष्ट त्या मुलांनी आम्हांला समजावून सांगितली. मजकुराचे कोठार जुने काहीच विसरत नाही. आज एखादी किल्ली पानावरून खोडली, तरी कालच्या पानावर ती जशीच्या तशी असते. म्हणून फुटलेली किल्ली नुसती पुसून भागत नाही, कुलूपच बदलावे लागते. पुष्कळ घरांत एखादे दुखावणारे वाक्य 'जाऊ दे, विसर' म्हणून पुसले जाते. त्या घरांतही नुसत्या पुसण्याने भागत नाही, असा आमचा पालकीय अनुभव आहे.

ही काळजी केवळ कंपन्यांनी घ्यावी असे नाही. आमच्या धर्मग्रामांत आज स्नानसंस्काराच्या नोंदी, लग्नाच्या चौकशीचे कागद, मदत मागणाऱ्या कुटुंबांची नावे संगणकात येऊ लागली आहेत. दर काही वर्षांनी धर्मगुरूंची बदली होते. मदत करणारा तरुण नोकरीसाठी कॅनडाला किंवा दुबईला निघून जातो. त्याच्याबरोबर धर्मग्रामाचा पासवर्ड जातो, किंवा तो जाऊन पाच वर्षे झाली तरी त्याचाच पासवर्ड चालू राहतो. दोन्ही अवस्था वाईट. चर्चच्या किल्ल्यांचा जुडगा जसा नव्या प्रमुख धर्मगुरूंच्या हाती मोजून दिला जातो, तशी या किल्ल्यांचीही यादी असावी. कोणाकडे काय आहे ते लिहिलेले असावे, माणूस निघाला की किल्ली बदलावी. आमच्या फायनान्स कमिटीने गेल्या वर्षापासून हा शिरस्ता घातला आहे.

या साऱ्याचा विचार करताना एक गोष्ट आमच्या मनात वारंवार येते. प्रोग्रॅमने जे करावयाचे त्याच्या नेमके उलटे आपण माणसे पुष्कळदा करतो. आपला मूळ मजकूरच आपण स्थळानुसार बदलतो. चर्चमध्ये एक सचोटी, बाजारात दुसरी आणि कचेरीत तिसरी. उलट जे स्थळानुसार बदलायला हवे, म्हणजे आपला आवाज, आपली भाषा, आपला वेळ, ते मात्र सर्वत्र तेच ठेवतो. दुःखाच्या घरात आपण लग्नघरातल्यासारखेच बोलतो आणि थकून आलेल्या मुलाला शाळेतल्यासारखेच दटावतो. संत पौलाने यहुद्यांत यहुद्यांसारखे व इतरांत इतरांसारखे होऊन सुवार्ता सांगितली, पण सुवार्ता एकच सांगितली. खुद्द प्रभू येशू नाझरेथच्या गावरान अरमाईक बोलीत बोलला. अनादि शब्दाने देह धारण केला, तो एका ठरावीक गावात, एका ठरावीक आईच्या घरी.

आमच्या धर्मग्रामातील ते चौघेही आज या कामात आहेत. मागच्या बाकावर बसलेला तरुण आता नव्याने येणाऱ्या मुलांना हे काम शिकवतो आणि पहिल्या दिवशी त्यांना कोऱ्या जागांची ती नमुन्याची फाइल दाखवतो. त्या आजींच्या मुलासाठी त्याने स्वतः मिस्साहेतू दिला. संदेश ठरल्या संध्याकाळी, ठरल्या घरी गेला. यंदाच्या नोव्हेंबरातही त्यांची मिस्सा नोंदलेली आहे. ज्यांना येणे जमेल त्यांनी त्या सकाळी यावे, आजींना बरे वाटेल.